चौघांची एक अधिछात्रवृत्ती : पाश्चात्त्य कक्षसंगीत आणि विद्यापीठे

१

विद्यापीठाच्या दप्तरात विद्यार्थ्याची नोंद एकेकट्याने होते. प्रवेश एकाचा, परीक्षा एकाची, पदवी एकाची आणि शिष्यवृत्तीही एकाचीच. हा नियम इतका अंगवळणी पडला आहे, की त्यालाही काही इतिहास असेल अशी शंका आपणांस सहसा येत नाही. तथापि अमेरिकेतील व इंग्लंडमधील काही शिक्षणसंस्थांत गेल्या पाऊणशे वर्षांत या नियमाला एक लक्षणीय अपवाद निर्माण झाला. तेथे नवोदित वादकांच्या एखाद्या संघाची, बहुधा चौघांची, एकत्र परीक्षा घेऊन एकत्रच निवड करण्यात येते. विद्यावेतन मिळते ते त्या संघाचा घटक म्हणून, आणि संघ मोडला तर वृत्तीचे प्रयोजनही संपते. ही प्रथा कोठून आली, तिला पदव्युत्तर शिक्षणाच्या चौकटीत जागा कशी मिळाली आणि ती रुजताना विद्यापीठाला स्वतःच्या कोणत्या समजुती बदलाव्या लागल्या, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रथम संज्ञांविषयी थोडेसे. सतराव्या शतकातील इटलीत संगीताचे चर्चमधील, नाट्यगृहातील आणि कक्षातील असे तीन प्रकार मानीत असत. यांपैकी तिसऱ्यास येथे कक्षसंगीत म्हटले आहे. त्या इटालियन नावातील ‘कामेरा’ आणि पोर्तुगीजांच्या द्वारे आपल्याकडे आलेला ‘कमरा’ हे एकाच कुळातले शब्द होत. या संगीतात प्रत्येक स्वरपंक्ती एकच वादक वाजवितो आणि वर हात हालविणारा संचालक नसतो. दोन व्हायोलिने, एक व्हायोला व एक चेलो यांचे चतुष्क हा त्याचा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार. प्रस्तुत विवेचन मुख्यतः या चतुष्कापुरतेच मर्यादित आहे.

२

चतुष्कासाठी रचना विपुल होत्या, परंतु चतुष्क म्हणून उपजीविका करणारे वादक दीर्घकाळपर्यंत जवळजवळ नव्हतेच. व्हिएन्नामध्ये रशियन राजदूत काउंट राझुमोव्स्की याने १८०८ मध्ये व्हायोलिनवादक शुपांत्सिख याच्याकडून एक कायम स्वरूपाचे चतुष्क उभे करवून घेतले. दुसरे व्हायोलिन पुष्कळदा काउंट स्वतः वाजवीत असे. बेथोव्हनच्या रचना प्रत्यक्ष वाजवून पाहण्याची सोय या आश्रयामुळे झाली. पण ३१ डिसेंबर १८१४ च्या रात्री राझुमोव्स्कीचा प्रासाद जळाला आणि पुढे दोन वर्षांच्या आत हा आश्रय संपुष्टात आला. एका घराला आग लागते आणि त्याबरोबर युरोपातील एक अव्वल वादकसंघ निराधार होतो, यावरून त्या व्यवस्थेचा पाया किती अरुंद होता हे ध्यानात यावे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीत विद्यालये पुढे आली. बर्लिनमध्ये योआखिम याचे चतुष्क १८६९ मध्ये सुरू झाले, त्याच सुमारास तेथील उच्च संगीत विद्यालयाचीही धुरा त्याने घेतली. मात्र अशा चतुष्कांतील वादकांना वेतन मिळे ते व्यक्तिशः अध्यापक म्हणून. चतुष्क हा त्यांचा जोडव्यवसाय होता. याउलट न्यूयॉर्कचे धनिक एडवर्ड द कॉपे यांनी १९०२ च्या सुमारास फ्लोंझाले चतुष्काची स्थापना केली ती सदस्यांनी अन्य कोणतेही वादनकार्य पत्करू नये या अटीवर. चौघांनी मिळून वाजविणे हाच एक पूर्णवेळचा व्यवसाय असू शकतो ही कल्पना येथे स्पष्टपणे पुढे आली. परंतु तिचा भार अजूनही एकाच धनिकाच्या खांद्यावर होता.

व्यक्तीकडून संस्थेकडे जाण्याचा टप्पा वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात दिसतो. एलिझाबेथ स्प्रेग कूलिज यांच्या देणगीतून तेथे १९२५ मध्ये एक निधी व एक सभागृह उभे राहिले. पुढल्या दशकात गर्ट्रूड क्लार्क व्हिटॉल यांनी स्ट्राडिव्हारीने घडविलेली पाच वाद्ये ग्रंथालयास अर्पण केली. ही वाद्ये ग्रंथालयाबाहेर न्यावयाची नव्हती आणि ती मुकी राहावीत अशीही दात्रीची इच्छा नव्हती. सबब वाद्यांजवळ वादकांनाच आणणे प्राप्त झाले, आणि १९४० ते १९६२ पर्यंत बुडापेस्ट चतुष्क तेथे निवासी संघ म्हणून राहिले. निवासी वादकसंघाची कल्पना अशी अंशतः वाद्यांच्या मुक्कामातून दृढ झाली.

३

विद्यापीठात ही कल्पना शिरली ती मात्र योजनेने नव्हे, तर युद्धाच्या आपत्तीने. ब्रुसेल्सच्या विद्यार्थ्यांनी १९१२ मध्ये स्थापिलेले प्रो आर्ते चतुष्क १९४० च्या मे महिन्यात विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसन येथे, बेथोव्हनची चतुष्के वाजवीत होते. १० मे रोजी जर्मन सैन्य बेल्जममध्ये घुसले. वादकांना परतण्यास देश उरला नाही. विद्यापीठाचे अध्यक्ष क्लॅरेन्स डायक्स्ट्रा यांच्या कारकीर्दीत, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून, या चतुष्कास विद्यापीठात निवासी म्हणून स्थान देण्यात आले. अमेरिकन विद्यापीठातील अशा प्रकारची ही पहिली नेमणूक मानली जाते.

या प्रसंगातील पुढची घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. ते वर्ष सरण्यापूर्वीच चतुष्काचे अग्रवादक आल्फोंस ओनू मृत्यू पावले. नेमणूक जर चार व्यक्तींची असती, तर एक जागा रिकामी झाली एवढेच म्हणता आले असते. पण नेमणूक चतुष्काची होती. दुसरा वादक आला, पुढे काळाच्या ओघात सर्वच वादक बदलले, आणि तरीही प्रो आर्ते चतुष्क मॅडिसनमध्येच राहिले. एकविसाव्या शतकात त्याने आपली शंभरी साजरी केली. घटक बदलूनही टिकणारी एक वस्तू म्हणून विद्यापीठाने वादकसंघास येथे प्रथम ओळखले असे म्हणावयास हरकत नाही.

यानंतरचा क्रम सरळ आहे. १९४६ मध्ये ज्युलिअर्ड संगीत विद्यालयाचे अध्यक्ष विल्यम शूमन यांच्या प्रेरणेने तेथे ज्युलिअर्ड चतुष्क स्थापन झाले. त्याच विद्यालयातील विद्यार्थ्यांतून वॉल्टर लेव्हिन यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले लासाल चतुष्क १९४९ मध्ये कोलोरॅडो कॉलेजात निवासी संघ म्हणून गेले आणि १९५३ पासून सिनसिनाटीत स्थिरावले. प्रो आर्तेचे वादक मॅडिसनला आले तेव्हा ते ख्यातनाम होते. लासालचे तरुण नुकतेच विद्यार्थिदशेतून बाहेर पडत होते. संस्थेने सिद्ध झालेल्या संघाचा गौरव करावा, यापेक्षा सिद्ध होऊ पाहणाऱ्या संघास काही वर्षांचा अवकाश द्यावा, हे निराळे तत्त्व आहे. पदव्युत्तर अधिछात्रवृत्तीचे बीज या दुसऱ्या तत्त्वात आहे.

४

चार उत्तम वादक स्वतंत्रपणे शिकवून तयार केले आणि एकत्र बसविले, तर चतुष्क का होत नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर वादनाच्या स्वरूपातच आहे. या चारही वाद्यांच्या पट्टीवर पडदे नसतात. स्वराची जागा प्रत्येक वेळी बोटाने शोधावी लागते. एकच स्वर एका स्वरसंघातात किंचित चढा, तर दुसऱ्यात किंचित उतरता घ्यावा लागतो, आणि तो किती हे शेजारच्या तिघांच्या स्वरांवरून ठरते. गजाचा कोणता भाग वापरावा, स्वरारंभ कितपत कठोर असावा, लय कोठे सैल सोडावी, या गोष्टी संचालक नसल्यामुळे परस्परांच्या श्वासावरून व हालचालींवरून उमगाव्या लागतात. भाषेच्या अभ्यासकास येथे बोलीची आठवण होईल. बोली ही कोणा एकाची मालमत्ता नसते आणि ती एकान्तात शिकताही येत नाही. ती एकत्र राहण्यातूनच घडते. चतुष्काचेही तसेच आहे. त्याला प्रथम हवा असतो तो काळ, रोजचा आणि एकत्र.

हा काळ विकत घेणे हेच या वृत्तीचे खरे कार्य होय. व्हिएन्नामध्ये १९७० मध्ये स्थापन झालेल्या आल्बान बेर्ग चतुष्काचे उदाहरण यासंबंधी उद्‌बोधक आहे. या चतुष्काचे चारही वादक शिष्यवृत्तीच्या साहाय्याने सुमारे वर्षभर सिनसिनाटीस लासाल चतुष्काजवळ राहिले आणि १९७१ मध्ये व्हिएन्नात त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला. गुरू व शिष्य दोन्ही बाजूंनी चौघे! एका संघाने दुसऱ्या संघास शिकवावे ही रीत पुढे अमेरिकेत सर्वत्र रूढ झाली.

इंग्लंडमधील लिंडसे चतुष्काचा वृत्तान्त याहून किंचित निराळा आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमीतील विद्यार्थ्यांच्या या संघास १९६७ मध्ये लेव्हरह्यूम निधीच्या आधाराने कील विद्यापीठात स्थान मिळाले. कील हे दुसऱ्या महायुद्धानंतर निघालेले विद्यापीठ. त्याचे संस्थापक लॉर्ड लिंडसे यांचेच नाव या तरुणांनी आपल्या संघास घेतले आणि २००५ मध्ये विसर्जन होईपर्यंत ते बाळगले. आश्रयदात्या संस्थेपासून संघाला मिळालेले नाव अखेरपर्यंत टिकावे, यावरून त्या आरंभीच्या वर्षांचे मोल सूचित होते.

आज रूढ असलेल्या पदव्युत्तर वृत्तीचा सांगाडा साधारणपणे असा : मुदत बहुधा दोन वर्षांची, शिक्षणशुल्काची माफी व विद्यावेतन, ज्येष्ठ निवासी चतुष्काकडून नियमित मार्गदर्शन, त्याच्या मोबदल्यात पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या कक्षसंगीताच्या तासिका घेणे आणि ठरावीक कार्यक्रम करणे. ज्युलिअर्डमध्ये असे तरुण चतुष्क ज्युलिअर्ड चतुष्काचे सहायक म्हणून काम करीत आले आहे. मूळच्या बुडापेस्टच्या टाकाच चतुष्काने १९८० च्या दशकात कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डर येथे, ठाण मांडल्यावर तेथेही पदव्युत्तर चतुष्काची जागा निर्माण झाली. या व्यवस्थेत अधिछात्र एकाच वेळी शिकतो आणि शिकवितो. चतुष्क एका पायरीवर शिष्य असते, तर खालच्या पायरीवर गुरू.

५

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविणे अवश्य आहे. ज्येष्ठ चतुष्के आपल्या जागी पुष्कळदा दशकानुदशके राहतात. क्लीव्हलंड चतुष्क १९९५ मध्ये, टोकिओ चतुष्क २०१३ मध्ये व इमर्सन चतुष्क २०२३ मध्ये विसर्जित झाले. तोवर त्यांची कारकीर्द अनुक्रमे सव्वीस, चव्वेचाळीस व सत्तेचाळीस वर्षांची झाली होती. उलट दोन वर्षांच्या वृत्तीतून तरुण संघ एकामागून एक बाहेर पडत असतात. शिडीच्या खालच्या पायऱ्या रुंद आणि वरच्या अतिशय अरुंद, असा हा प्रकार आहे. दोन वर्षांनंतर काय, हा प्रश्न वृत्ती स्वतः सोडवीत नाही.

त्याचे एक उत्तर विद्यापीठाच्या आवाराबाहेर शोधण्यात आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीच्या साहाय्याने १९९२ मध्ये ग्रामीण भागात निवासी वादकसंघ पाठविण्याचा उपक्रम सुरू झाला. ईस्टमन संगीत विद्यालयात तयार झालेले यिंग चतुष्क, तीन भाऊ व एक बहीण, आयोवा राज्यातील सुमारे २,००० वस्तीच्या जेसप या शेतकरी गावी जाऊन राहिले. शाळा, चर्च, घरे अशा ठिकाणी त्यांनी वादन केले. ज्या संगीताचा जन्म सरदारांच्या दिवाणखान्यात झाला, ते येथे गावकऱ्यांच्या घरी पोहोचले. आणि एका अर्थाने कक्षसंगीत हे नावही सार्थ झाले. पुढे हेच चतुष्क ईस्टमनमध्ये अध्यापक म्हणून परतले. मात्र अशी परतीची वाट सर्वांस लाभतेच असे नाही. अनेक तरुण संघ वृत्तीची मुदत संपल्यावर काही काळाने विखुरतात.

मग अशा विखुरलेल्या संघांवरील खर्च व्यर्थ गेला असे समजावे काय? येथे ‘फेलो’ या शब्दाची व्युत्पत्ती साहाय्यास येते. इंग्रजीत हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतील ‘फेलागी’ या शब्दापासून आला. त्यातील ‘फे’ म्हणजे गुरेढोरे, त्यावरून धन. संस्कृत ‘पशु’ हा त्याचाच सगोत्र शब्द असून पशु व धन यांचे हे साहचर्य मराठीतील ‘पशुधन’ या सामासिक शब्दातही आपणांस दिसते. उत्तरपदाचा अर्थ मांडणे, ठेवणे. तेव्हा आपले धन सामाईक ठेवीत घालणारा भागीदार तो फेलो. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील जुन्या महाविद्यालयांत महाविद्यालयाच्या सामाईक उत्पन्नाचा भागीदार या अर्थाने तो वापरला गेला. पुढे वृत्ती व्यक्तिगत झाली, गुणवान एकट्याला मिळणारे वेतन असा अर्थ स्थिरावला, आणि शब्दातील भागीदार दिसेनासा झाला. ‘अधिछात्र’ हा आपला प्रतिशब्दही या नंतरच्या अर्थावरच बेतलेला आहे. त्यात छात्र आहे, भागीदार नाही.

चौघांना मिळून दिलेल्या वृत्तीने हा लुप्त अर्थ नकळत परत आणला. चार जण आपला वेळ, आपला कान आणि आपले मतभेद एका ठेवीत घालतात, आणि त्या ठेवीतून जे निर्माण होते ते चौघांपैकी कोणा एकाचे नसते. संघ विखुरला तरी प्रत्येक जण ती ठेव ऐकण्याच्या सवयीच्या रूपाने बरोबर नेतो आणि पुढील विद्यार्थ्यांस देतो. या वृत्तीचा हिशेब किती चतुष्के टिकली एवढ्यावरच करणे म्हणूनच अपुरे होय. ज्ञान ही नेहमीच एकेकट्याची कमाई असते, हे आपले गृहीतक दप्तराच्या सोयीचे आहे. ते ज्ञानाच्या स्वभावाचे वर्णन नव्हे. राझुमोव्स्कीच्या प्रासादापासून जेसपपर्यंतच्या या लहानशा इतिहासाने एवढे जरी दाखवून दिले, तरी संगीताबाहेरच्या अभ्यासकांनीही त्याची दखल घ्यावी इतके त्याचे महत्त्व निश्चितच आहे.