दाढ, लावणी आणि इतिहास

इतिहास दोन प्रकारचे असतात. एक लढायांचा आणि दुसरा दाढांचा. पहिला शाळेत शिकवतात आणि परीक्षा झाली की तो विसरायला होतो. दुसरा कोणी शिकवत नाही, पण रात्री दोन वाजता तो ठणकत ठणकत आपल्याला उठवतो. या दुसऱ्या इतिहासाचा माझा अभ्यास गेल्या आषाढात झाला. शिकवायला होती माझीच डावीकडची खालची दाढ. झोप नसली की माणूस काहीही वाचतो. मी धाकट्याच्या मोबाइलवर दातांबद्दल मिळेल ते वाचलं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की दातांचा डॉक्टर हे काही इंग्रजांनी आणलेलं संकट नव्हे. बलुचिस्तानात मेहरगढ म्हणून ठिकाण आहे. तिथं नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकानं पाडलेली भोकं सापडली. ही माणसं साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची. २००६ साली हे जगाला कळलं. तिथले लोक मणी भोकण्यात तरबेज होते, तेव्हा हाच हात दाढांवरही चालला असावा. भोकांच्या कडा झिजलेल्या आहेत. म्हणजे माणसं नंतरही जगली, जेवली. भोक पाडताना ती जे बोलली असतील, ते टिकलं नाही हे बरंच झालं.

बाबिलोनच्या लोकांनी दातदुखीचं खापर एका किड्यावर फोडलं. देवानं त्याला राहायला अंजीर देऊ केलं, जर्दाळू देऊ केला, पण स्वारीला जागा हवी होती ती दाताच्या आणि हिरडीच्या मधली. पुढं १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं ग्रंथ लिहून किड्याची ही गोष्ट खोडून काढली. पण मराठीतून किडा काही हलला नाही. आपला दात अजूनही ‘किडतो’च. सुश्रुतानं मात्र दुखण्याच्या आधीचा विचार केला. दातण बारा अंगुळं लांब आणि करंगळीएवढं जाड असावं, इतकं मोजूनमापून त्यानं सांगून ठेवलंय. ते चावायला सकाळची निवांत वेळ कुठून आणायची, हे तेवढं सांगायचं राहिलं.

तर मुद्दा वेळेचा.

आमचं वेवजी पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यात, गुजरातला अगदी खेटून. माझी दाढ ठणकायला लागली ती नेमकी लावणीच्या दिवशी. पाऊस चार दिवस रुसून बसला होता, तो पहाटे मनापासून कोसळला. आता लावणी म्हणजे लावणी! तिला उद्या चालत नाही. पाच वाजता चहा, सातला भाकऱ्या, दहाला पुन्हा शेतावर चहा, बाराला दहा माणसांचं जेवण, मध्ये धाकट्याची वह्या-पुस्तकांची शोधाशोध आणि सासूबाईंच्या गुडघ्याला तेल. या सगळ्यात माझ्या एका गालात लवंग होती आणि दुसऱ्या गालातून मी बोलत होते. लवंग असलेला गाल इतका सुजला, की शेतावरची एक बाई म्हणाली, ‘‘बाय, लाडू एकटीच खातेस काय?’’

आमच्या ह्यांची दाढ दुखली होती ती दिवाळीनंतर, सवडीच्या दिवसांत. पुरुषांच्या दाढांना पंचांग कळतं. तेव्हा घरात मिक्सर बंद, टीव्ही बंद, पोरांनी पायांच्या बोटांवर चालायचं. कोमट मिठाचं पाणी दर तासाला, आणि दोन्ही वेळा मऊ खिमट. माझी दाढ दुखली तेव्हाही घरात खिमट झालं, नाही असं नाही. ते मीच केलं, आणि जेवताना सगळ्यांनी विचारलं, ‘‘आज आजाऱ्याचं जेवण का?’’

दाढांच्या इतिहासातही असंच आहे बरं का! जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती असं लोक सांगतात, ते खरं नाही. ती हस्तिदंताची, शिशाची आणि चक्क माणसांच्या दातांची असे. १७८४ सालच्या त्यांच्या घरच्या हिशेबात गुलामांकडून नऊ दात विकत घेतल्याची नोंद आहे. वॉशिंग्टनच्या दाताचा इतिहास झाला. ते नऊ दात ज्यांच्या तोंडातून गेले, त्यांनी दुसऱ्या दिवशी भाकरी कशी चावली, हे लिहायला कोणी बसलं नाही.

भुलीचं औषधसुद्धा जगाला दातवाल्यांनीच दिलं. होरेस वेल्स यांनी १८४४ साली हसवणारा वायू हुंगून स्वतःचाच दात उपटवून घेतला. पुढच्याच महिन्यात बोस्टनला चार लोकांसमोर प्रयोग केला, तर रोगी नेमका ओरडला आणि वेल्स यांचं हसं झालं. मग १८४६ साली विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानं ईथरनं काम फत्ते केलं. दुखण्यावर उपाय सापडला. सवडीवर मात्र अजून सापडायचाय.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. फातिमा जीना कलकत्त्याला दंतवैद्यक शिकल्या आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा दवाखाना थाटला. त्या काळी बाईनं दुसऱ्याचा दात काढायचा, म्हणजे केवढी हिंमत! १९२९ साली भावाची बायको वारली. भाऊ म्हणजे बॅरिस्टर महंमदअली जीना. फातिमाबाईंनी दवाखाना बंद केला आणि भावाचं घर सांभाळायला गेल्या. पुढं त्या राजकारणात गेल्या, मोठ्या झाल्या, ते सगळं पुस्तकांत आहे. मला आपली ती बंद दवाखान्यातली खुर्ची दिसत राहते. दात काढायचे चिमटे कोणाला दिले असतील? दात दुखणारी बाई सोडा, दात काढणारी बाईसुद्धा घरकामापुढं हरली!

आमच्या भागाला कामाचा हिशेब विचारण्याची सवय आहे. वेवजीच्या तालुक्यातच झरी गाव आहे. तिथं मे १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सभेत हजारो वारल्यांनी वेठ करणार नाही म्हणून ठरवलं. त्या वेठीशी माझ्या भाकऱ्यांची बरोबरी मी करत नाही. तिथं माणूस मारही खात होता आणि उपाशीही राहत होता. पण भाकरी थापताना दाढेत कळ आली की ‘वेठ’ हा शब्द आठवतो खरा. घरातल्या कामाची सभा अजून कुठं भरल्याचं ऐकिवात नाही.

लावणी चौथ्या दिवशी संपली. मग मी दातांच्या डॉक्टरकडे निघाले, तेही परराज्यात! आम्हाला तालुक्याच्या कामाला तलासरी आणि बाकी सगळ्याला उंबरगाव जवळ. सासूबाईंच्या लहानपणी उंबरगाव ठाणे जिल्ह्यातच होतं. १ मे १९६० रोजी दोन राज्यं झाली आणि ते गुजरातेत गेलं. दाढेला सीमा कळत नाही. तिची कळ महाराष्ट्रात सुरू झाली ती गुजरातेत तशीच चालू होती. डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला आणि जगातले सगळे दंतवैद्य विचारतात तेच गुजराती वळणाच्या मराठीत विचारलं, ‘‘एवढे दिवस काय करत होता?’’ तोंडात आरसा असताना ‘लावणी’ हा शब्द बोलून बघा. डॉक्टरांना मी गाणं म्हणतेय असं वाटलं.

दाढ गेली. वाचली असती, चार दिवस आधी आलात तर, असं ते म्हणाले.

घरी आले तेव्हा सासूबाई ओटीवर गालाला हात लावून बसल्या होत्या. खालचे चारच दात उरलेत त्यांचे, त्यातला एक हलतोय. ‘‘कधीपासून, आई?’’ विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘झाली असतील दोन वर्षं. तुझी बाळंतपणं, मग ह्यांचं आजारपण, आणि आता शेत. कापणी झाली की बघू गं.’’

मी तोंडातला कापूस काढला आणि म्हटलं, ‘‘कापणी दर वर्षी येते, आई. सोमवारी जायचं.’’ मग ह्यांच्याकडे वळले. ‘‘सोमवारी आम्ही दोघी उंबरगावला. शेतावरचा चहा आणि घरातलं जेवण तुमच्याकडे.’’

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘खिमटाला पाणी किती घालतात?’’

‘‘तांदळाच्या सहापट,’’ सासूबाई म्हणाल्या. गालावरचा हात त्यांनी तेवढ्यापुरता काढला होता.