शकिराची ध्वनिमुद्रित गीते

कोलंबियातील बारांकिया येथे जन्मलेल्या शकिराचे (२ फेब्रुवारी १९७७– ) ‘माहिया’ (१९९१) व ‘पेलिग्रो’ (१९९३) हे पहिले स्पॅनिश अल्बम फारसे खपले नाहीत. नाव झाले ते ‘पिएस देस्काल्सोस’मुळे (१९९५). वडील लेबनीज वंशाचे, त्यामुळे ‘ओहोस आसी’त अरबी ओळीही ऐकू येतात. ‘लॉन्ड्री सर्व्हिस’साठी (२००१) तिने इंग्रजीत गीतलेखन केले. त्यातील ‘व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर’चे स्पॅनिश रूप ‘सुएर्ते’. अँडीजमधील बासरीचा सूर दोन्हींत तोच. २००५ मध्ये दोन भाषांत दोन वेगळे अल्बम निघाले. त्यांतला स्पॅनिश अधिक सरस. फुटबॉल विश्वचषकाचे ‘वाका वाका’ (२०१०) हे मात्र मुळात कॅमेरूनच्या ‘गोल्डन साउंड्स’ या वाद्यवृंदाच्या ‘झांगालेवा’वर बेतलेले, त्याचीही स्पॅनिश आवृत्ती आहे.