मरणाऱ्या पेशींची साक्ष

स्तनकर्करोगाची आनुवंशिक प्रवृत्ती १७व्या गुणसूत्राशी जोडलेली आहे, हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले. १९९४ मध्ये ‘बीआरसीए१’ जनुक हाती लागले. पुढे चाचण्याही आल्या. पण जनुकातला प्रत्येक बदल घातक नसतो. अनेक स्त्रियांच्या अहवालावर शेरा पडू लागला : ‘अर्थ अनिश्चित’. स्तन काढून टाकावेत की निर्धास्त राहावे? अशा शेऱ्यावर कोणी काय ठरवावे!

उत्तर मिळाले ते ‘हॅप१’ पेशींत. एका रक्तकर्करोगाच्या रुग्णापासून आलेला हा पेशीवंश. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या असतात, यांत बहुतेक एकेकच प्रत. बिघाड झाकायला दुसरी नाही. शिवाय बीआरसीए१ निकामी झाले की या पेशी तगत नाहीत. (शरीरात ज्या बिघाडाने कर्करोगाचा धोका वाढतो, त्यानेच इथे पेशी मरते, हे विलक्षणच.)

२०१८ मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी क्रिस्पर तंत्राने या जनुकाच्या महत्त्वाच्या १३ खंडांत एकेक अक्षर पालटून सुमारे ४ हजार बदल घडवले आणि ११व्या दिवशी कोणते उरले ते मोजले. जे ओसरले, ते घातक. त्यांतले कित्येक बदल तोवर कोणत्याही रुग्णात आढळलेही नव्हते.