अधारी : पाणी शोधताना हरवलेला झरा

१/ वाळवंटी देशात उघड्यावर पोहायचे कुठे? साठ-सत्तर वर्षांपूर्वी बहरीनमध्ये हा प्रश्न विचारला असता, तर बहुधा पहिले नाव निघाले असते ते ‘ऐन अधारी’चे. अरबीत ‘ऐन’ म्हणजे झरा. वर्षाकाठी शंभर मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या या बेटावर जमिनीतून आपोआप उसळणाऱ्या पाण्याचे भलेमोठे कुंड होते. पिढ्यान्‌पिढ्या मुले त्यात पोहायला शिकली. आजचा थ्रेड या झऱ्याविषयी.

२/ हे पाणी बेटाचे नव्हतेच. अरबस्तानच्या भूमीवर प्राचीन काळी मुरलेले पाणी चुनखडीच्या थरांतून, समुद्रतळाखालून वाहत येई आणि स्वतःच्या दाबाने वर फुटे. काही झरे तर समुद्राच्या तळाशीच होते. मोती काढणारे पाणबुडे कातडी पिशव्या घेऊन बुडी मारत आणि खाऱ्या समुद्रातून गोडे पाणी भरून आणत. त्यांनी काढलेल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई!

३/ ‘बहरीन’ म्हणजे ‘दोन समुद्र’. एक खारा, एक गोडा, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. त्याआधी या भूमीचे नाव होते दिलमुन. सुमेरियन पुराणकथेत गोड्या पाण्याचा देव एन्की दिलमुनला पाणी मिळवून देतो. १९५४ साली डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी बारबार येथे उत्खनन सुरू केले. तेथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे मंदिर सापडले आणि त्याच्या पायऱ्या उतरत होत्या एका जलकुंडाकडे.

४/ अधारीचे पाणी पाटांनी दूरवरच्या खजुरीच्या बागांना जाई, लगतची जमीन मात्र कोरडी राही. त्यावरून बहरीनमध्ये म्हण रूढ झाली : अधारी दूरच्याला पाजते, जवळच्याला विसरते. आपण म्हणतो, दिव्याखाली अंधार.

५/ आता कथेला वळण. १९२५ साली फ्रँक होम्स या न्यूझीलंडच्या गृहस्थाने बहरीनमध्ये पाण्यासाठी विहिरी खोदल्या. त्यांना भरपूर पाणी लागले. त्याच वर्षी शेख हमद यांनी त्याला तेल शोधण्याचा परवाना दिला. १९३२ मध्ये तेल सापडले. आखातातील अरब किनाऱ्यावरचे हे पहिले तेल.

६/ मग विंधनविहिरी वाढत गेल्या. शेती वाढली, शहरे वाढली. जितके पाणी येत होते त्याहून अधिक उपसले जाऊ लागले. भूगर्भातला दाब घटला, गोड्या पाण्यात खारे पाणी शिरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झरे एकामागून एक थांबले. अधारीही त्याला अपवाद ठरली नाही. आज तिच्या नावाचे करमणूक उद्यान तिथे उभे आहे.

७/ याचा दोष एकट्या होम्सच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. त्याच्या विहिरींनी तहानलेल्या लोकांना पाणीच दिले होते. झरा आटला तो कोणा एकाच्या खलपणाने नव्हे, तर हजारो रास्त गरजांच्या बेरजेने. ही बेरीज वेळीच कोणी मांडली नाही.

८/ बारबारच्या पायऱ्या आजही पाहता येतात. म्हणही लोकांच्या तोंडी आहे. मात्र तिच्यातला ‘दूरचा’ आणि ‘जवळचा’ हा भेद आता उरलेला नाही. अधारी कोणालाच पाजत नाही. तुमच्या गावात असा एखादा झरा, कुंड किंवा बारव असेल, तर तिथे पोहलेल्या आजी-आजोबांना आजच विचारून ठेवा. पाणी आटल्यावर त्याचा इतिहास अशा आठवणींतच शोधावा लागतो.