कधी थांबायचे हे जाणणारी यंत्रे : गादंकी रडारच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

तिरुपतीजवळच्या गादंकी येथील एमएसटी रडार १९९०च्या दशकाच्या आरंभी कार्यरत झाले. तपांबर, स्थितांबर आणि मध्यांबर या तिन्ही थरांतील वाऱ्यांचा वेध घेणाऱ्या या यंत्रणेच्या निरीक्षणांवर पुष्कळ लेखन झाले आहे. तिला शक्ती पुरविणारे ट्रान्समीटर मात्र सहसा तळटीपेतच उरतात.

मूळ रचना अशी : ५३ मेगाहर्ट्‌झ वारंवारता, सुमारे १३० मीटर बाजूच्या चौरसात १०२४ यागी अँटेना, आणि त्यांना शक्ती देणारे ३२ ट्रान्समीटर. ते घडविले मुंबईच्या 'समीर' संस्थेने. प्रत्येकाची शिखर शक्ती १५ ते १२० किलोवॉटांच्या दरम्यान होती. एकूण सुमारे अडीच मेगावॉट. ही असमान वाटणी हेतुपुरस्सर होती. मध्यभागी अधिक व कडेला कमी शक्ती दिली की शलाकेभोवतीचे अनावश्यक पार्श्वकिरण दबतात. याचा दुसरा अर्थ असा, की मध्यातील एक मोठा ट्रान्समीटर बंद पडला तर एकूण शक्तीचा जवळपास विसावा भाग तर जाईच, शिवाय शलाकेचा आकारही बिघडे.

हे ट्रान्समीटर निर्वात नलिकांचे होते. अशा नलिकेत क्षणिक ठिणगी पडून विद्युतप्रवाहाला आडवाट मिळाली, की उच्चदाब संधारित्रांतील सारी ऊर्जा तिच्यातूनच वाहू पाहते. उदाहरणादाखल, १० मायक्रोफॅरडचा संधारित्र २० किलोव्होल्टला भारित असेल तर त्यात २००० ज्यूल साठलेले असतात. मुख्य वीजपुरवठा तोडणाऱ्या यांत्रिक स्विचला काही दशक मिलिसेकंद लागतात. तोवर नलिकेतील धातू वितळू लागतो. केवळ त्याच्यावर विसंबणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. म्हणून उच्चशक्ती ट्रान्समीटरांच्या जगात 'क्रोबार' रूढ झाला. क्रोबार म्हणजे पहार. दोष दिसताच संधारित्राच्या दोन टोकांवर जणू पहार आडवी टाकायची, म्हणजे थायरॅट्रॉनसारख्या वायुनलिकेतून मुद्दाम लघुमंडल घडवून काही मायक्रोसेकंदांत ऊर्जा दुसरीकडे वळवायची. एक विनाश टाळण्यासाठी दुसरा, नियंत्रित विनाश योजण्याची ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

पुढे गादंकीत नलिकांची जागा अर्धवाहकांनी घेतली : प्रत्येक अँटेनासाठी सुमारे १ किलोवॉटचे स्वतंत्र मॉड्यूल, म्हणजे एकूण १०२४. एक गेले तर हानी हजारातील एका भागाची. पण ट्रान्झिस्टरचा स्वभाव निराळा. नलिका क्षणभराचा अतिरेक सोसते; ट्रान्झिस्टरचा सूक्ष्म स्फटिक इतक्या वेगाने तापतो की त्याला ती सवड नसते. त्याचा मोठा शत्रू म्हणजे अँटेनाकडून परतणारी शक्ती. स्थायी तरंग गुणोत्तर ३ झाले की २५ टक्के शक्ती परावर्तित होते. तिचे मापन डायरेक्शनल कपलर करतो, आणि मर्यादा ओलांडताच मंडल शक्ती कमी करते किंवा मॉड्यूल थांबवते. शक्ती कमी करणे हा सौम्य उपाय ध्वनिप्रसारणात चालून जातो. शास्त्रीय मापनात तो अधिक धोक्याचा, असे माझे मत आहे. कारण बंद मॉड्यूल निदान उघडपणे बंद असते, अर्ध्या शक्तीवरचे मॉड्यूल आकडेवारीत गुपचूप शिरते.

सूचनांचा प्रश्न याहून किचकट आहे. केबलच्या जोडात पाणी शिरले की परावर्तित शक्ती वाढते, मग प्रवाह, मग तापमान. शेवटी निर्गम शक्ती घटल्याचाही अलार्म वाजतो. मूळ दोष एक, तक्रारी चार. म्हणून चांगले नियंत्रक पहिला दोष त्याच्या वेळेसह 'कुलूपबंद' करतात आणि बाकीच्यांना त्याची पिल्ले मानतात. क्षणिक दोषानंतर दोन-तीनदा आपोआप पुन्हा सुरू होण्याची मुभा असते. त्यानंतर माणसाने पाहिल्याशिवाय यंत्र उठत नाही. १०२४ मॉड्यूल असताना हा विवेक नसेल, तर नियंत्रण कक्षात रोजच 'लांडगा आला रे आला' सुरू होईल, आणि खरा लांडगा त्याच गोंगाटात निसटेल.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी : अशा रडारच्या प्रतिध्वनींचा अभ्यास करताना त्या क्षणी कोणती मॉड्यूल जिवंत होती, याची नोंद हाताशी आहे का? विखुरलेली दहा मॉड्यूल बंद असणे आणि मध्यातील लगतची दहा बंद असणे, या दोहोंत शलाकेचा आकार सारखा राहत नाही.