शिक्षकाचा कंठ : एका दुर्लक्षित साधनाचा इतिहास

दापोली तालुक्यातील केळशी हे समुद्रकाठचे गाव. तेथून किनाऱ्याने दक्षिणेस गेले की मुरूड लागते. ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. आतल्या अंगाला पालगड. तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी साने गुरुजींचा जन्म झाला. कर्व्यांनी १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले, साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत अध्यापन केले. अशा शिक्षकांची शिकवण आम्ही जपून ठेवतो. ज्या कंठातून ती येते, त्याची विचारपूस मात्र क्वचितच करतो.

पूर्वी पंतोजींच्या शाळेत मुले एका सुरात परवचा म्हणत, आणि थोरली मुले धाकट्यांकडून धुळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. बोलण्याचा भार असा वाटला जाई. अँड्र्यू बेल यांनी १७८९ नंतर मद्रासच्या अनाथालयात अशीच रीत चालविली व १७९७ मध्ये लंडनमध्ये तिच्यावर पुस्तक छापले. पुढे इयत्तावार वर्ग आले, प्रत्येक वर्गाला एक शिक्षक आला, आणि सारा भार एकाच गळ्यावर पडला.

कंठाच्या विज्ञानाला चालना मिळाली तीही एका शिक्षकाच्या कुतूहलातून. गायनशिक्षक मान्वेल गार्सिया यांनी १८५४ मध्ये आरशांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले आणि १८५५ मध्ये ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. स्त्रीच्या बोलण्यात हे तंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आपटतात. तासभर अखंड स्वर लावला, तर सात लाखांहून अधिक वेळा. आवाज चढविला की आघात वाढतो, तंतू सुजतात आणि पुढे त्यांवर घट्ट्यांसारख्या गाठी धरतात. भोवती गलका असला की माणूस नकळत आवाज चढवितो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखविले. कोकणच्या वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात पत्र्याखाली वर्ग घेणे म्हणजे आषाढ-श्रावणात पावसाशी झुंजणे होय.

अमेरिकेतील आयोवा व युटा या राज्यांतील पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेले शिक्षक ५७.७ टक्के निघाले, इतर लोक २८.८ टक्के. आमच्याकडे म्हैसूरची वाचा व श्रवण संस्था १९६५ मध्ये, तर मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. उपचाराची सोय झाली. परंतु शिक्षक तेथे पोहोचतो तो बहुधा गळा पुरता बसल्यावर.

आमच्या मते प्रतिबंधाचे मोठे पाऊल वैद्यकाबाहेर पडले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली आणि सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हे निकष घातले. त्यात कंठाचा उल्लेख नाही. तरी गलका कमी करणारी प्रत्येक भिंत कंठाचेच रक्षण करते.

उरते ते शिक्षकाच्या हाती : घोट घोट पाणी पिणे, खाकरणे टाळणे, शांततेसाठी ओरडण्याऐवजी टाळी वाजविणे, फळा ओल्या फडक्याने पुसणे. आवाज तीन-चार आठवड्यांत सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाणे. गळा बसणे हा शिक्षकी पेशाचा प्रसाद मानून सोसण्याची रीत आता आपण सोडावयास हवी.