काळ्या मोहऱ्यांची तटबंदी

पांढरीं मोहरीं घेणारा प्रश्न विचारतो आणि काळीं घेणाऱ्यास त्याचें उत्तर द्यावें लागतें, ही बुद्धिबळांतील मूळची विषमता आहे. पहिल्या खेळीचा मान पांढऱ्याचा असल्यामुळें डाव कोणत्या वाटेनें न्यावयाचा हें तो घरून ठरवून येऊं शकतो. काळ्यास मात्र त्याच्या सर्व वाटांवर चौकी ठेवावी लागते. ही चौकी एकाच जागीं बसवितां आली तर? पांढऱ्यानें कोणतेंही प्यादें पुढें टाको, आपली मांडणी एकच, अशी सोय झाली तर? ही इच्छा जुनी आहे, आणि ती केवळ आळसांतून उपजलेली नाहीं. तिच्या इतिहासांत आपल्या देशाचा भाग सामान्यतः समजला जातो त्याहून पुष्कळच मोठा आहे.

हा विषय आमच्या मनांत घोळूं लागला तो एका विद्यार्थ्यामुळें. नांदेडास आमच्या घरीं रविवारीं सायंकाळीं पट मांडला जातो. तेथें येणारा, मूळचा लातुराकडील एक हुशार मुलगा एके दिवशीं आम्हांस म्हणाला, "सर, पांढऱ्याला पहिली खेळी वीस प्रकारांनी करता येते. प्रत्येकीचं उत्तर मी कुठं पाठ करत बसू? सगळ्यांना चालेल असं एकच सांगा." आम्हांस त्याचें हसूं आलें नाहीं. शिकवणी, वसतिगृह आणि परीक्षा यांतून उरलेल्या तासाभरांत ज्यास खेळावयाचें आहे, त्यानें दुसरें काय मागावें?

उत्तर शोधतांना आम्ही प्रथम आपल्या जुन्या खेळाकडे वळलों. ज्या गोदावरीच्या कांठीं नांदेड वसलें आहे तिच्याच वरच्या अंगास पैठण आहे. तेथील एक भट्ट घराणें सोळाव्या शतकांत काशीस जाऊन स्थायिक झालें. त्याच घराण्यांतील नीलकंठभट्टानें सतराव्या शतकांत 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा धर्मशास्त्रावरील ग्रंथ रचिला. त्यांतील 'नीतिमयूखां'त राजनीतीच्या विवेचनाबरोबर बुद्धिबळाचेंही प्रकरण आहे, आणि पटावरील चौसष्ट घरांतून घोडा एकेकदांच कसा फिरवावा हेंही तेथें दाखविलें आहे. राजनीतीच्या ग्रंथांत या खेळास जागा मिळावी, यावरून तो निव्वळ करमणुकीचा मानला जात नव्हता हें दिसतें.

आपला हा देशी खेळ यूरोपीय खेळाहून कांहीं बाबतींत भिन्न होता. प्रांतोप्रांतीं नियम थोडेफार बदलत. पण सामान्यतः प्यादें आरंभीं दोन घरें उडी न घेतां एकच घर चाले, आणि किल्लेकोटाऐवजीं राजास एकदां घोड्याची चाल मिळे. याचा परिणाम महत्त्वाचा आहे. दोन्ही सैन्यें एकमेकांस लवकर भिडत नसत. प्रत्येकजण आपल्या प्याद्यांच्या आड मोहरीं हवीं तशीं लावून घेई आणि मग लढाईस तोंड लागे. त्यामुळें खेळ्यांच्या क्रमापेक्षां रचनेचें महत्त्व अधिक होतें. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १८१४ सालीं मुंबईस प्रसिद्ध झालें. त्यांतही भर आहे तो डावाच्या आरंभावर नव्हे, तर बिकट स्थितींतून मात कशी करावी यावर.

या वळणांत वाढलेला एक खेळाडू यूरोपीय नियमांनीं खेळूं लागला म्हणजे काय होतें, हें कलकत्त्यास दिसून आलें. जॉन कॉक्रेन हा तेथें वकिली करणारा स्कॉटिश गृहस्थ आपल्या काळच्या उत्तम खेळाडूंपैकीं एक होता. १८४८ च्या सुमारास त्याची गांठ बंगालच्या ग्रामीण भागांतून आलेल्या महेशचंद्र बॅनर्जी या ब्राह्मणाशीं पडली. पुढें अनेक वर्षें ते एकमेकांशीं खेळत राहिले, आणि त्यांचे पुष्कळ डाव छापलेले उपलब्ध आहेत. त्या काळीं यूरोपांतील खेळाडू प्यादीं पटाच्या मध्यावर नेऊन ठेवण्यांत भूषण मानीत. महेशचंद्र मात्र राजाकडील घोड्यापुढचें प्यादें एकच घर सरकवी, मोकळ्या झालेल्या घरांत उंट बसवी आणि मध्यभागावर दुरून नजर ठेवी. जुन्या खेळाची संवय त्याच्या हातांत होती. १९२० नंतरच्या दशकांत यूरोपांतील नव्या विचाराचे खेळाडू याच तऱ्हेनें खेळूं लागले, तेव्हां या बचावांच्या नांवांस 'भारतीय' हें विशेषण चिकटलें तें चिकटलेंच.

येथवर ऐकून आमचा विद्यार्थी आनंदला. उत्तर सांपडलें, तेंही स्वदेशी! मांडणीही सोपी आहे. राजाकडील घोडा उंटापुढच्या प्याद्यासमोर आणावा, घोड्यापुढचें प्यादें एक घर टाकावें, उंट त्याच्या मागें बसवावा, वजिरापुढचें प्यादें एक घर सरकवावें, किल्लेकोट करावा. या पांच खेळ्या बहुतेक सर्व आरंभांविरुद्ध चालतात. क्रमापुरतें मात्र सावध राहावें लागतें. पांढऱ्यानें राजापुढचें प्यादें दोन घरें टाकलें असतां आपला घोडा आधीं काढला तर तें पुढें येऊन त्यास हुसकावतें. म्हणून तेथें वजिराचें प्यादें आधीं सरकवावें.

परंतु महेशचंद्राचे डाव एकापाठोपाठ एक पटावर मांडून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. १८५५ च्या एका प्रसिद्ध डावांत त्यानें वजिरापुढचें प्यादें एक घर न सरकवितां सरळ दोन घरें टाकून पांढऱ्याच्या प्याद्यास भिडविलें, आणि पुढें उंटापुढचें प्यादेंही मध्यावर चालविलें. हीच रीत ग्रुनफेल्डनें १९२२ मध्यें यूरोपांत प्रचारांत आणिली आणि ती त्याच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. उलट १८४८ च्या एका डावांत महेशचंद्रानें राजाच्या प्याद्यास राजाच्याच प्याद्यानें, यूरोपीय पद्धतीनें, उत्तर दिलें. त्यांत कॉक्रेननें घोड्याचें जें बलिदान केलें तें आजही त्याच्या नांवावर चालतें. तात्पर्य, ज्याच्याकडून आपण 'सार्वत्रिक' बचाव उचलूं पाहतों तो स्वतः तो सार्वत्रिकपणें खेळत नव्हता!

याचें कारण पटावरच आहे. काळ्याची ही रचना पांढऱ्यास मध्यभाग आयता देते, तो पुढें फोडावयाचा या हिशेबानें. कोणत्या प्याद्यानें फोडावयाचा, हें पांढऱ्याची रचना पाहिल्यावांचून ठरत नाहीं. कोठें राजापुढचें प्यादें टाकावें लागतें, कोठें वजिराकडील उंटापुढचें. पांढऱ्यानें मध्य बंद केला तर राजाच्या बाजूस प्यादीं चालवावीं लागतात. त्यानें वजिराच्या बाजूस किल्लेकोट करून आपल्या राजावर प्यादीं सोडलीं, तर तटाआड स्वस्थ बसणारा बुडाला. पांच खेळ्या पाठ होतात, सहावी पाहून करावी लागते. तट बांधून दार उघडण्याची वेळ ज्यास कळत नाहीं, तो आपल्याच किल्ल्यांत कोंडला जातो.

आरंभांच्या पाठांतरावांचून मोठें होतां येतें काय, याचें उत्तर सुलतानखानानें दिलें आहे. पंजाबांत देशी नियमांनीं वाढलेला हा खेळाडू १९२९ मध्यें इंग्लंडास गेला आणि त्याच वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. १९३२ व १९३३ मध्यें तें त्यानें पुन्हां मिळविलें. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेंत त्यानें कॅपाब्लांकासही हरविलें. आरंभाचें ज्ञान तोकडें असल्यामुळें त्यास पुष्कळदां अडचणींतून वाट काढावी लागे, हेंही खरें. ज्ञान नको असा याचा अर्थ नव्हे. ज्ञानाची उणीव नजरेनें बरीच भरून निघते, नजरेची उणीव पाठांतरानें निघत नाहीं, एवढाच अर्थ.

आमच्या भागांत 'लातूर पॅटर्न' हा शब्द मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडतो. नमुना प्रश्न, सराव, पुन्हां सराव या शिस्तीनें शेतकऱ्यांचीं अनेक मुलें वैद्यकीच्या व अभियांत्रिकीच्या दारांत पोंचलीं. तिची थट्टा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण परीक्षेचा प्रश्न विचारणारा उत्तर ठरवून बसलेला असतो, आणि तें त्यास बदलतां येत नाहीं. पटासमोर बसलेला मनुष्य मात्र आपलें उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बदलतो.

म्हणून आम्हीं त्या मुलास ती पांच खेळ्यांची रचना दिली, नाकारली नाहीं. ज्याच्याजवळ वेळ थोडा आहे, त्यानें तो आरंभाच्या शेंकडों फांट्यांत घालवूं नये, हेंच बरें. मात्र एक अट घातली. पांच खेळ्या झाल्या कीं हात मांडीवर ठेवावयाचा, आणि पांढऱ्याचें कोणतें प्यादें आतां मागें फिरूं शकत नाहीं, तें आम्हांस सांगावयाचें. पहिल्या रविवारीं त्यास सांगतां आलें नाहीं. दुसऱ्या रविवारीं त्यानें चुकीचें प्यादें दाखविलें. तिसऱ्या रविवारीं तो इतका वेळ गप्प बसला कीं चहा निवून गेला. आणि मग त्यानें सहावी खेळी केली ती आम्हांस अपेक्षित नव्हती. तो डाव आम्ही हरलों.